मदत हवी आहे: गवंडीकाम केलेल्या वडिलांना कैरो दाखवायचं आहे

नमस्कार.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, घेऊन कैरोला चालले आहे. पाच दिवस आहेत. तिकिटं झाली, राहायची सोय झाली, अडलंय ते कार्यक्रमावर. टूरवाल्यांनी पाठवलेल्या यादीत पिरॅमिड, संग्रहालय, नाईलवरची बोट, खान अल-खलिलीत खरेदी, आणि जुन्या शहराला शेवटच्या दिवशी तीन तास. मला जुन्या शहरालाच तीन दिवस द्यायचे आहेत.

कारण सांगते. अण्णांनी साताऱ्याकडे चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. चुन्याच्या घाणीत (चुना मळायच्या चाकीत) मळलेल्या चुन्यात काम करणाऱ्या शेवटच्या लोकांपैकी ते एक. आता वय 71, गुडघे दुखतात, पण भिंत दिसली की हात आपोआप सांध्यावरून फिरतो. मागे विजापूरला गेलो होतो. सगळे गोलघुमटाच्या सज्जात आवाज काढायला वर गेले आणि अण्णा खालीच थांबले. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायला त्या कमानी एकमेकींना कशा छेदून नेल्यात, हे मान वर करून बघत होते. दहा मिनिटांत गाईडने हाका मारून बाहेर काढलं. परतीच्या गाडीत ते कुणाशी बोलले नाहीत. ते माझ्या मनातून जात नाही.

मध्यंतरी कैरोच्या सुलतान हसन मशिदीचा फोटो दाखवला. अर्धा तास मोठा करकरून बघितला आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या कमानीला सेंटरिंग कसलं लावलं असेल गं?" (सेंटरिंग म्हणजे कमान बांधताना खालून लावतात तो आधार.) तेव्हाच ठरवलं.

मी वाचून कच्ची यादी केली आहे: इब्न तुलून आणि सुलतान हसन या मशिदी, जुन्या शहरातला मुईझ रस्ता, बाब झुवेला ही वेस, कायतबायची मशीद, किल्ला. यातलं काय ठेवू, काय काढू? चढायला कुठे किती लागतं? आणि गवंड्याच्या नजरेने बघण्यासारखं नेमकं कुठे थांबायचं, हे कुणी सांगू शकेल का? "फार सुंदर आहे" एवढं मला पुरणार नाही, आणि त्यांना तर नाहीच.

प्रतिसाद

ताई, मी कैरोत साडेतीन वर्षं नोकरीला होतो. तुमची यादी चांगली आहे, क्रम बदला.

सुरुवात इब्न तुलूनपासून करा. 879 मध्ये पुरी झालेली, मूळ रूप टिकून असलेली कैरोतली सर्वांत जुनी मशीद. पूर्ण विटेची, वर गिलावा. बाकीच्या जुन्या मशिदींमध्ये रोमन इमारतींतून काढून आणलेले दगडी खांब दिसतात. इथे विटांचेच जाड चौकोनी खांब बांधलेत आणि त्यांच्या कोपऱ्यांत विटांचेच बारीक अर्धखांब कोरल्यासारखे काढलेत. कमानींच्या पोटाशी गिलाव्यात केलेली नक्षी आहे. वर ओळीने सव्वाशेच्या वर खिडक्या आहेत, जाळीची वीण निरनिराळी. अण्णांना सावलीतल्या ओवरीत भिंतीशी बसवा आणि तास-दोन तास हलू नका. अंगण प्रचंड आहे, गर्दी नसते, कुणी उठवत नाही. मनोऱ्याला बाहेरून फिरत जाणारा जिना आहे, तो तुम्ही चढा, त्यांना नको.

सुलतान हसनला दुसरा दिवस द्या, सकाळी. 1356 ला काम सुरू झालं. त्याआधी काही वर्षं प्लेगने शहर निम्मं ओस पडलं होतं, आणि वारस न उरलेल्या लोकांची मालमत्ता सरकारजमा होऊन त्यातला पैसा या बांधकामात आला असं मानतात. 1361 मध्ये दरवाज्यावरचा एक मनोरा कोसळला आणि सुमारे तीनशे माणसं दगावली. दरवाजा 38 मीटरच्या आसपास उंच. तिथून आत गेलात की सरळ अंगण येत नाही. अंधाऱ्या वळणाच्या बोळातून जावं लागतं आणि मग एकदम चौकात उघड्यावर येता. चारी बाजूंना चार भव्य कमानदार दालनं, सुन्नींच्या चार न्यायपरंपरांच्या शिक्षणासाठी एकेक. अण्णांच्या सेंटरिंगच्या प्रश्नासाठी मक्केच्या दिशेच्या दालनात उभं राहायचं. तोंडाची कमान घडीव दगडाची आणि मागची लांब छत-कमान विटेची. दोन्हींचा मेळ कुठे घातलाय ते त्यांना माझ्यापेक्षा आधी दिसेल.

आणखी एक. तिथल्या कोरीव लेखात बांधकामावर देखरेख करणाऱ्या अमीराचं नाव आहे, मुहम्मद इब्न बीलिक अल-मुहसिनी. अण्णांना जरूर सांगा.

किल्ल्यावरची महंमद अलीची मशीद मी काढून टाकीन. 1830 ते 1848 मधली, इस्तंबूलच्या धाटणीची. शहराचा देखावा छान दिसतो, पण चढ आहे आणि तुम्हाला हवं ते तिथे कमी आहे.

प्रतिसाद

मुईझ रस्त्यावर अल-अकमर मशीद चुकवू नका, लहान आहे म्हणून लोक पुढे निघून जातात. 1125 ची. रस्ता एका कोनात आणि किब्ल्याची (नमाजाची, म्हणजे मक्केची) दिशा दुसऱ्या कोनात, म्हणून दर्शनी भिंत रस्त्याला समांतर ठेवली आणि आतली मशीद किब्ल्याकडे वळवली. मधली जाडी एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त होत जाते आणि त्या पाचरीत जिना नि खोली बसवली आहे. गावठाणात वाकड्या गल्लीवर घर बांधलेल्या गवंड्याला हे दाखवाच.

तिथून उत्तरेला अल-हाकिम मशीद. 1013 मध्ये पुरी झाली, पुढे पडझड होऊन अनेक वापरांत गेली. 1980 मध्ये दाऊदी बोहरा समाजाने तिचा जीर्णोद्धार केला, म्हणजे आपल्या मुंबईशी थेट धागा आहे. आम्ही भेंडीबाजारजवळ वाढलो. तिथला रौदत ताहेरा, म्हणजे बोहरांचा मकबरा, बघितला असेल तर फातिमी काळाचं (कैरो वसवणाऱ्या राजघराण्याच्या काळाचं) वळण अण्णांना तिथे ओळखीचं वाटेल. आतला पांढरा संगमरवर नव्या कामातला आहे. जुनं बघायचं तर रस्त्याकडच्या दोन मनोऱ्यांपाशी थांबा: मूळ मनोऱ्यांना बाहेरून चौकोनी दगडी कवच घातलं आहे. 1303 च्या भूकंपानंतर वरचे शेंडे नव्याने बांधले.

मुईझ रस्ता बाब अल-फुतूह या उत्तरेकडच्या वेशीकडून सुरू करून दक्षिणेला चाला. सपाट आहे, बाब झुवेलापर्यंत दीड किलोमीटरच्या आसपास, पण एका दमात करू नका. वाटेत अब्दुल रहमान कतखुदाची 1744 ची इमारत लागेल: खाली पाणपोई, वर मुलांची शाळा. पुण्यवंत माणसाने रस्त्याच्या फाट्यावर बांधलेली. जवळच्या अल-सुहैमीच्या वाड्यात बसा. आपल्या वाड्याचा चौक आठवेल, आणि वारा कसा खेळवला आहे तेही कळेल.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. अल-अकमरचं ऐकून अण्णा कागद घेऊन बसले आणि त्यांनी स्वतःच पाचर काढून दाखवली. आमच्या गल्लीत त्यांनी असंच एक घर बांधलंय, मला आजवर ठाऊक नव्हतं.

कायतबायबद्दल कुणी बोललं नाही. दगडी घुमटावर तारा आणि वेलबुट्टी एकमेकांवर कोरली आहे असं वाचलं. जायला ठीक आहे का? आणि शुक्रवारी काय करावं?

दुसरं असं, अण्णा ओळंबा (भिंत सरळ उभी आहे का बघायचं दोरीला बांधलेलं वजन) बरोबर घ्यायचा म्हणतात. त्यांचाच जुना, पितळी. हट्टाने म्हणत नाहीत, हळूच विचारलं. नेऊ का?

प्रतिसाद (कैरोत राहिलेला)

कायतबाय नक्की. 1474 ची, इजिप्तच्या एक पौंडाच्या नोटेवर तिचंच चित्र आहे. नोट आधी हातात घेऊन बसा आणि मग घुमट बघा. जागा जुन्या दफनभूमीत आहे, आजूबाजूला लोकवस्ती आहे, टॅक्सी थेट दारापर्यंत न्या आणि थांबवून ठेवा. घुमट बाहेरूनच बघायचा, पायऱ्या चढायची गरज नाही. सकाळी दहाच्या सुमारास उन्हाची तिरीप आली की कोरीवकाम उठून दिसतं.

शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदी टाळा, तो दिवस गिझाला, म्हणजे पिरॅमिडना द्या. जानेवारीत दिवसा 18-19 अंश असतं, संध्याकाळी स्वेटर लागतो. बूट काढायचे असतात तेव्हा जाड मोजे घाला, दगडी फरशी गार असते, गुडघ्यांना बाधेल. तुमच्याकडे डोक्यावरून घ्यायला ओढणी असू द्या. अण्णांसाठी घडीची हलकी खुर्ची मात्र आत नेऊ देतील असं धरू नका, उशी न्या.

ओळंबा अवश्य न्या. चेक-इनच्या बॅगेत, कापडात गुंडाळून. आत दाखवायचा नाही. सुलतान हसनची बाहेरची भिंत सुमारे 150 मीटर लांब आहे, तिच्या कडेने चाला. भिंतीला न लावता वीतभर लांब धरा आणि आधी तिथल्या रखवालदाराला दाखवून विचारा. "बन्ना" म्हणजे गवंडी, एवढा एक अरबी शब्द पाठ करा. अण्णांकडे बोट दाखवून म्हणा.