मदत हवी आहे: कौटुंबिक उद्यानासाठी रोलर कोस्टर घ्यावा की बंदिस्त राइड?

घोडबंदर रस्त्यालगतच्या एका मध्यम आकाराच्या मनोरंजन उद्यानाचा गुंतवणूक आराखडा मी तयार करत असून, निधी एकाच मोठ्या राइडपुरता आहे. आमच्याकडे प्रामुख्याने लहान मुलांची कुटुंबे येतात. १२० सेंटीमीटर उंचीची अट असलेला कोस्टर घेतल्यास धाकटी भावंडे कठड्याबाहेरच राहतील, आणि हे मला मुळीच पटत नाही. त्यामुळे मोठ्यांसोबत लहानांनाही बसता येईल असा छोटा कोस्टर किंवा पूर्णपणे बंदिस्त डार्क राइड (अंधाऱ्या दालनातून गाडीत बसून देखावे पाहत जायची राइड), एवढेच पर्याय उरतात. जून ते सप्टेंबरच्या पावसात उघड्यावरील राइड वारंवार थांबवावी लागते, शिवाय खाडीकडील खारट, दमट हवेने पोलाद लवकर गंजते, म्हणून माझा कल बंदिस्त राइडकडे आहे. मात्र तिच्यातील देखावे जुने झाले की पुन्हा खर्च येतोच.

उत्पादकांकडून दरपत्रके मागवली आहेत, परंतु त्यांत पायाचे बांधकाम, आयात शुल्क आणि सुटे भाग धरलेले नाहीत. वापरलेली राइड आम्ही सुरक्षेच्या कारणास्तव घेणार नाही आणि जागा वाढवणेही शक्य नाही.

कोकण किनारपट्टीवर अशा राइड प्रत्यक्ष चालवलेल्यांनी कृपया सांगावे: पहिल्या दहा वर्षांत देखभालीसाठी दरवर्षी मूळ किमतीच्या किती टक्के रक्कम राखून ठेवावी, आणि दोन्ही प्रकारांत हे प्रमाण कितपत वेगळे पडते?