जोडलं की फुटलं?

एक समज असा की एका बुरशीत एक लांब जनुक आणि दुसरीत त्याचेच दोन तुकडे दिसले, तर तुकडे जोडले गेले असं धरावं. एवढ्यावरून दिशा कळत नाही. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाच्या निर्मितीचंच पाहा. न्यूरोस्पोरा आणि ॲस्परजिलस या बुरशींमध्ये एकच जनुक तीन कामांचं प्रथिन बनवतं. सॅकरोमायसीस यीस्टमध्ये त्यातली दोन कामं टीआरपी३ हे जनुक करतं, तिसरं टीआरपी१ हे स्वतंत्र जनुक. आता शायझोफायलमसारखी दूरच्या शाखेतली अळिंबी तपासा: तिथेही तिन्ही एकत्रच. म्हणजे यीस्टच्या वंशात फूट पडली, असाच अर्थ निघतो. बाहेरची शाखा घेतल्याशिवाय निष्कर्ष काढूच नये.

खऱ्या जोडणीचा सुंदर नमुना म्हणजे यीस्टचं एआरओ१ जनुक: त्याच्या प्रथिनात, १५८८ अमिनो आम्लांच्या एकाच साखळीत, शिकिमेट मार्गाच्या (ट्रिप्टोफॅनसारखी अमिनो आम्लं बनवण्याकडे नेणाऱ्या अभिक्रियांच्या) सलग पाच पायऱ्या. ई. कोलाय जिवाणूत हीच कामं वेगवेगळी जनुकं करतात.

सगळ्यात जास्त घोळ मात्र संगणकी जनुक-अंदाजामुळे, म्हणजे डीएनएच्या क्रमावरून जनुकं कुठे आहेत हे प्रोग्रॅमने ठरवण्यामुळे, होतो. बुरशीत जनुकं इतकी खेटून असतात की शेजारच्या दोघांना प्रोग्रॅम एकच ठरवतो. उलट, क्रमवाचनात एक अक्षर गळलं की वाचनचौकट (तीन-तीन अक्षरांचे गट) सरकते, मध्येच थांबा-संकेत येतो आणि अखंड जनुक फुटल्यासारखं दिसतं. म्हणून दोन भागांच्या सांध्यावरून सलग जाणारे आरएनएचे लांब वाचन-तुकडे आहेत का ते बघा, आणि तीच रचना निदान एका जवळच्या प्रजातीतही सापडते का, तेही.