टेम्पेस्टवर ब्लूइंग धरतच नाही, काय चुकतंय?

सांगलीकर_बर्मिंगहॅम:
मंडळी, शेजारच्या आजोबांनी घर आवरताना त्यांचं वेब्ली टेम्पेस्ट एअर पिस्तूल मला देऊन टाकलं. वेब्ली कंपनी मूळची आमच्या बर्मिंगहॅमचीच, त्यामुळे जरा जास्तच जीव जडलाय. नेम अजून बरा लागतो, पण रूप बघवत नाही. हात लागून लागून बॉडीचा काळा रंग उडालाय, एसटीच्या दांडीसारखा पांढरा धातू दिसतो. नळीवर गंजाचे ठिपके होते.

ब्लूइंगसाठी, म्हणजे धातू रसायनानं काळा करायला, कोल्ड ब्लूची (न तापवता लावायच्या रसायनाची) बाटली आणली. गंज काढून नळीला लावलं, झकास काळी झाली. बॉडीला तीनदा लावलं, ढिम्म! वर राखाडी डाग पडले ते वेगळेच. तेलकटपणा राहिला असेल का? सगळं वीस पौंडांत बसवायचंय. "खेळण्यावर किती?" हे बायकोचं विचारून झालंय.

फिटरकाका:
अरे, फ्रीजवरचा मॅग्नेट बॉडीला लावून बघ. चिकटणार नाही. ती ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची आहे, आणि तुझी बाटली पोलादासाठी. कंपनीनं बॉडीला रंगच दिला होता, तूही रंगच दे. जुना रंग रिमूव्हरने काढ, पण कॉस्टिक सोडा चुकूनही नको, ॲल्युमिनियम खातो. मग ४०० चा वॉटर पेपर, नंतर ८००. नावाच्या अक्षरांवर पेपर फिरवू नकोस, तिथं दातांचा जुना ब्रश. ॲसिटोननं पूस आणि त्यानंतर उघड्या बोटानं शिवू नकोस. आधी एच (etch) प्राइमर, म्हणजे गुळगुळीत धातूला धरून बसणारा अस्तराचा रंग, वर सॅटिन (कमी चकाकीचा) काळा स्प्रे. हात पातळ दे, घाई केलीस की ओघळलाच.

नेमबाज_ताई:
काकांचं बरोबर, पण आधी आत छर्रा नाही याची खात्री कर. स्प्रिंग दाबलेली असते, अंदाजानं खोलू नकोस, उसळून तोंडावर येईल. न खोलता करणार असशील तर नळीच्या तोंडात कापसाचा बोळा घाल, फटींना टेप लाव. आणि बागेत उभं राहून स्प्रे मारू नकोस रे. कुंपणापलीकडून ते खरंच पिस्तूल दिसतं, कुणीतरी पोलिसांना फोन करेल.

सांगलीकर_बर्मिंगहॅम:
काका, फ्रीजवरचा गणपती नळीला आणि स्क्रूंना चिकटला, बॉडीवरून घसरला! प्राइमर आणि रंग मिळून चौदा पौंड झाले. शेडमध्ये तारेला टांगून पहिला हात दिला. ट्रिगर गार्डखाली ओघळ आलाच. उद्या तेवढंच घासून परत मारतो.