पेन्शन आणि सरकारी योजनांची माहिती तुम्हाला कोणाकडून मिळाली? गोव्यातल्यांसाठी अनुभव धागा

ज्येष्ठांना आणि विधवांना दरमहा पैसे देणारी दयानंद सामाजिक सुरक्षा योजना गोव्यात २००१ पासून आहे, गृहिणींसाठीची गृह आधार २०१२ पासून. तरी आजही वाड्यावाड्यावर एखादी म्हातारी अशी सापडतेच, जिला यातला एक पैसा मिळत नाही. योजना कमी नाहीत, पण त्या इतक्या खात्यांत विखुरल्या आहेत की कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही. ज्येष्ठांचं आणि विधवांचं समाज कल्याण संचालनालय बघतं, गृह आधार महिला आणि बाल विकास खात्याकडे, कलाकारांचं मानधन कला आणि संस्कृती संचालनालयाकडे. सरकारी नोकरांचं पेन्शन लेखा संचालनालयातून येतं, ज्याला जुनी माणसं अजून फाझेंद म्हणतात. खासगी नोकरीवाल्यांचं भविष्य निर्वाह निधी कार्यालयात.

गावात लोकांचे अर्ज भरून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. योजनेचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. ती आपल्याला लागू होते, हे कोणी सांगितलेलं नसतं. आणि सांगणारा माणूस बऱ्याचदा खिडकीच्या आत नसतो, बाहेर असतो. त्याच माणसांबद्दल मला ऐकायचं आहे. तुम्हाला कोणी सांगितलं, कोणता कागद अडला, तो कसा सुटला, ते सविस्तर लिहा. कोणाचं नाव, आधार क्रमांक, खाते क्रमांक मात्र इथे लिहू नका.

डिचोलीहून

मी खाणीवर मशीन चालवायचो. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग थोड्याफार चालल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पुन्हा थांबल्या. घरात पैसा नव्हता, म्हणून आमच्यातल्या पुष्कळ जणांनी पीएफ काढला. पीएफचे पैसे वेगळे आणि पेन्शनची सेवा वेगळी, हे त्यांना कोणीच समजावलं नाही. १०-सी फॉर्म भरून ज्यांनी पेन्शनच्या हिश्शाचे पैसेही उचलले, त्यांची तेवढी वर्षं कायमची गेली.

मला सांगितलं ते युनियनमधल्या एका निवृत्त माणसाने. "फॉर्म तोच भर, पण पैसे मागू नकोस, स्कीम सर्टिफिकेट माग." त्यात सेवेची वर्षं जमा राहतात. माझी सेवा दोन कंत्राटदारांकडे, वेगवेगळ्या क्रमांकांखाली, कारण तेव्हा यूएएन, म्हणजे सगळ्या नोकऱ्यांना मिळून एकच पीएफ क्रमांक, नव्हता. एकाकडे सहा वर्षं, दुसऱ्याकडे साडेतीन. पेन्शनला दहा वर्षं लागतात, तुझं काही होणार नाही, असंच सगळे म्हणायचे. पण शेवटचा तुकडा सहा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असला की तो पूर्ण वर्ष धरतात. साडेनऊची दहा होतात. ५८ पूर्ण झाल्यावर पेन्शनचा १०-डी अर्ज भरला आणि पेन्शन सुरू झालं.

२०१४ पासून किमान पेन्शन १००० रुपये आहे. एवढ्यात काय होतं, असं पगारदार माणूस म्हणेल. आमच्याकडे त्यात गॅसचा सिलिंडर येतो.

दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाचं शिबिर प्रत्येक जिल्ह्यात असतं. तिथे पीएफ कार्यालयाचीच माणसं बसतात, त्यामुळे पणजीला पाटोवर जावं लागत नाही. जुन्या पगाराच्या चिठ्ठ्या सापडतील तेवढ्या बरोबर न्या.

फोंड्याहून

आईच्या कुटुंब पेन्शनबद्दल लिहिते, कारण हे पुष्कळ घरांत असणार.

बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते गेल्यावर आईला पेन्शन सुरू झालं. केंद्राच्या नियमानुसार ८० वर्षं झाली की मूळ पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३० टक्के, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. आई ऐंशी ओलांडून गेली तरी पासबुकातला आकडा हलेना. बँकेत विचारलं तर "वरून येतं" एवढंच उत्तर.

वाट दाखवली शेजारच्या काकांनी. तेही बाबांच्याच खात्यातून निवृत्त झालेले. म्हणाले, "पीपीओ आण बघू." पीपीओ म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याची ऑर्डर. बाबांनी ती एका प्लास्टिकच्या पिशवीत, विम्याच्या कागदांखाली जपून ठेवली होती. टाइप केलेला पिवळट कागद, एका बाजूला दोघांचा जोडफोटो, बाबांच्या शर्टाच्या खिशाला पेन. खाली पत्नीचं नाव, आणि पत्नीच्या जन्मतारखेच्या जागी नुसती आडवी रेघ. काकांनी त्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हिचं वय सरकारला ठाऊकच नाही गो."

मग पुराव्याची शोधाशोध. आईचा जन्म पोर्तुगीज काळातला, दाखला पोर्तुगीजमध्ये. त्यावर तिचं माहेरचं नाव, तेही त्या काळच्या स्पेलिंगमध्ये, म्हणजे 'प्रभू'चं 'पोरोब'. आपल्याकडे लग्नात मुलीचं पाळण्यातलं नावही बदलायचे, त्यामुळे आधारवर नाव आणि आडनाव दोन्ही निराळं. गोव्यात लग्नाची सरकारदरबारी नोंदणी पूर्वीपासून सक्तीची आहे, त्याचा इथे फार उपयोग झाला. जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि ही दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं नोटरीपुढचं ॲफिडेव्हिट, असे तीन कागद जोडून बाबांच्या कार्यालयाला पाठवले. उत्तर येईना, तेव्हा काकांनीच पेन्शनच्या तक्रारींसाठी असलेल्या केंद्राच्या सीपेनग्राम्स पोर्टलवर तक्रार नोंदवायला लावली. त्यानंतर सुधारित आदेश निघाला आणि आई ज्या महिन्यात ऐंशीची झाली त्या महिन्याच्या १ तारखेपासूनची थकबाकी जमा झाली.

ज्यांच्या घरी आई, आजी किंवा सासू कुटुंब पेन्शनवर आहे त्यांना हात जोडून सांगते, पीपीओ काढा आणि तेवढी एक जागा बघा.

मडगावहून

सासूबाई अंथरुणावर आहेत, हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना बँकेत नेणं शक्य नाही. पोस्टमन घरी येऊन डिजिटल दाखला करून देतो, ७० रुपये घेतो. हे त्यानेच दारात उभं राहून सांगितलं, पत्र द्यायला आला होता तेव्हा. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे मशीनला लागत नाहीत. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, त्यामुळे आता ती कटकट राहिली नाही. पीएफचं पेन्शन असेल तर नोव्हेंबरच गाठायला हवा असं नाही, दाखला दिल्यापासून वर्षभर चालतो. दयानंदचा हयातीचा दाखला मात्र वेगळा. एक दिला म्हणजे दुसरा झाला, असं समजू नका.

पेडण्याहून

माझ्या वडिलांनी उभी हयात दशावतारात काढली. रात्रभर नाटक आणि दिवसा शेत. कला आणि संस्कृती संचालनालयाची कला सन्मान योजना अशाच कलाकारांसाठी आहे, पण कलाकार असल्याचा पुरावा लागतो. मंडळीतल्या माणसाकडे कसला पुरावा असणार? नियुक्तिपत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही. मिळालेले नारळ आणि शाली होत्या.

संचालनालय पाटोवर संस्कृती भवनात आहे आणि त्याच इमारतीत कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय. तिथल्या एका ग्रंथपाल बाईंनी सुचवलं की जुन्या वर्तमानपत्रांत बघा, जत्रांच्या बातम्यांत नाटकांची नावं येतात. 'गोमन्तक' १९६२ चा, 'नवप्रभा' १९७० चा, तेवढ्या काळातलं काही ना काही मिळेल. मिळालं. कालोत्सवाच्या एका बातमीत वडिलांचं नाव शंकासुराच्या भूमिकेसह छापलेलं होतं. वडिलांनी ती झेरॉक्स डोळ्यांजवळ धरून परत परत वाचली. त्याला गावोगावच्या देवस्थान समित्यांची पत्रं आणि मंडळीची हँडबिलं जोडली. ज्यांच्या घरात भजनी, नाटकवाले, फुगडी घालणाऱ्या बायका आहेत त्यांनी हँडबिलं रद्दीत टाकू नका. गणपतीतल्या भजनाच्या स्पर्धेचं प्रमाणपत्रसुद्धा ठेवा.

काणकोणहून

आमच्या वाड्यावरची एक बाई फार लवकर विधवा झाली, पदरात दोन मुलं. गृह आधार तिला नवरा असल्यापासून मिळत होतं. तो गेल्यावर विधवा म्हणून दयानंदचा हक्क वेगळा निर्माण होतो, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मृत्यूचा दाखला देणाऱ्यांपैकीही कोणी बोललं नाही. पंचायतीत शनिवारी येणाऱ्या स्वयंपूर्ण मित्राने, म्हणजे योजना लोकांपर्यंत पोचवायला सरकारने नेमलेल्या माणसाने, तिची फाइल बघून सांगितलं. पूर्वी अशा बायकांना दोन खात्यांत खेटे घालावे लागत. आता सर्वांत धाकटं मूल २१ वर्षांखालचं असेल तर समाज कल्याणकडूनच महिन्याला ४००० रुपये मिळण्याची सोय आहे. तेराव्याला जाताना हे सांगणं काहींना विचित्र वाटेल. मी सांगते. त्या घरात दुसऱ्या दिवसापासून दूध आणायचं असतं.

बार्देशहून

तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, घरच्यांसाठी. निवृत्त खलाशांना आणि त्यांच्या विधवांना राज्याचं २५०० रुपये पेन्शन आहे, अनिवासी भारतीय व्यवहार खात्यामार्फत. नवऱ्याचं सीडीसी, म्हणजे बोटीवरच्या नोकरीची नोंद असलेलं पुस्तक, जपून ठेवा. आमच्या शेजारणीला हे चर्चमधल्या दुसऱ्या एका तारवट्याच्या विधवेने सांगितलं.

पर्वरीहून, एक प्रश्न

आम्ही सावंतवाडीकडचे, गोव्यात बारा वर्षं भाड्याने राहतो. आई ६४ वर्षांची आहे. तिला दयानंद मिळेल का?

धागाकर्ती

आत्ता नाही. गोव्यात किमान १५ वर्षं वास्तव्य लागतं आणि तसा दाखला मामलेदार कचेरीतून घ्यावा लागतो. त्यासाठीचे पुरावे आतापासून जमवा. भाडेकरार, वीजबिल, मुलांचे शाळेचे दाखले, जे असेल ते. आरोग्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेला पाच वर्षांचीच अट आहे, ते कार्ड तुम्हाला निघेल. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत उपचार होतात. आणि तुमचं स्वतःचं वय ४० च्या आत असेल, आयकर भरत नसाल, तर बँकेत अटल पेन्शनची चौकशी करा. तिला राज्यातल्या वास्तव्याची अट नाही.

म्हापशाहून

इंग्लंडहून परतलेल्यांपैकी कोणी वाचत असेल तर. तिथे नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे पगारातून कापल्या जाणाऱ्या सरकारी विम्याची, किमान दहा वर्षं भरली असतील तर तिथलं सरकारी पेन्शन गोव्यात बसूनही मिळतं, पण भारतात राहणाऱ्यांना त्यात दरवर्षीची वाढ मिळत नाही. परतायचं की नाही, हे ठरवताना हा हिशेब आधी करा. तिथूनही हयातीचा फॉर्म येतो, त्यावर साक्षीदाराची सही लागते. पत्ता बदलला तर कळवा, नाहीतर फॉर्म जुन्या घरी पडून राहतो आणि पैसे थांबतात.

सांग्याहून

माझ्या आजोबांचे दयानंदचे पैसे अचानक बंद पडले. एका कार्यालयात "बँकेत विचारा", बँकेत "कार्यालयात विचारा". तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याने सांगितलं की तोंडी विचारू नकोस. अर्ज दोन प्रतींत लिही, एक दे आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घे. तो क्रमांक घालून माहिती अधिकारात दहा रुपये भरून विचारलं की अमुक अर्जावर काय कार्यवाही झाली. त्याचं उत्तर लेखी आलं. आजोबांची बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती आणि सरकारकडे आयएफएससी कोड जुनाच होता, म्हणून पैसे परत जात होते. नव्या पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत दिली, पुढच्या हप्त्यापासून पैसे यायला लागले. मागचे राहिलेले मिळावेत म्हणून दुसरा अर्ज केला आहे, त्याचाही आवक क्रमांक घेतला आहे.