मदत हवी आहे: पेनसिल्व्हेनियात मासेमारीचं लायसन्स

आम्ही न्यू जर्सीत राहतो, लायसन्स इथलंच. डेलावेअर नदीच्या हद्दीच्या पट्ट्यात ते चालतं, पण आता पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत वॉलनपॉपॅक तलावावर तीन दिवस जायचंय. परराज्यातल्यांसाठी तिथे ३ दिवसांचं टुरिस्ट लायसन्स मिळतं. ट्राउट मासा धरायचा नसेल तर वेगळं ट्राउट परमिट टाळता येईल ना? चुकून लागला तर लगेच सोडून देऊ.

खरी अडचण बाबांची. वय ७२, रत्नागिरीहून आलेत, गळ बॅगेतून घेऊन! १६ वर्षांखालचा मुलगा सुटतो, पण भारतातून आलेल्या ज्येष्ठांना सवलत असते का? की पूर्ण पैसे? शिवाय होडी पाण्यात उतरवायला कुठे किती घेतात? नुकतं कोणी गेलं असेल तर सांगा.