मदत हवी आहे: टर्बो पेट्रोल गाडीच्या क्रँककेसला इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप जोडावा का?

नमस्कार. माझी गाडी 1.2 लिटरची, तीन सिलिंडरची, बीएस6 टर्बो पेट्रोल हॅचबॅक असून ती 82,000 किलोमीटर धावली आहे. आठवडाभर ती गोरेगाव ते अंधेरी रखडत जाते आणि महिन्यातून एकदा पुण्याला जाताना खंडाळ्याचा घाट चढते. गेल्या पावसाळ्यापासून घाट चढून वर आले की जळक्या तेलाचा वास येतो. टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा खालचा पाइप काढला, तेव्हा त्यातून दोन चमचे तेल निघाले. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला, त्यात प्ले (ढिलेपणा) नाही. तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशनही जवळजवळ सारखे आहे.

म्हणून क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकशाफ्टच्या पोकळीतला, दाब मोजायचे ठरवले. जुन्या ऑइल फिलर कॅपला भोक पाडून निपल बसवला, त्याला जोडलेली पारदर्शक नळी खिडकीतून आत आणून पुठ्ठ्यावर इंग्रजी यू अक्षरासारखी चिकटवली आणि तिच्यात शाईचे दोन थेंब टाकलेले पाणी भरले. धाकटा भाऊ शेजारी बसून आकडे लिहीत होता (त्याच्या शर्टाचे काय झाले ते विचारू नका). इंजिन आयडलवर असताना पाणी 2 सेंटिमीटर क्रँककेसकडे ओढले गेले, म्हणजे तेथे किंचित व्हॅक्यूम होता. घाटात तिसऱ्या गियरमध्ये पूर्ण बूस्टवर (टर्बो पूर्ण दाबाने हवा भरत असताना) मात्र ते उलट्या दिशेने 16 सेंटिमीटर ढकलले गेले, म्हणजे सुमारे 1.6 किलोपास्कल दाब झाला. टर्बोचे तेल केवळ उतारामुळे संपमध्ये (क्रँककेसच्या तळाच्या तेलाच्या टाकीत) परतते. तेथे दाब साचला तर ते मागे तुंबून सीलमधून इनटेकमध्ये जात असावे, असा माझा कयास आहे.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या ब्रेक बूस्टरला असतो तसा 12 व्होल्टचा पंप लावावा, इनटेक मॅनिफोल्डमध्ये बूस्ट चढला की प्रेशर स्विचने रिले ओढून तो सुरू करावा आणि बाहेर पडणारा वायू पुन्हा टर्बोच्या इनलेटमध्येच सोडावा, असा विचार आहे. वायू उघड्यावर सोडायचा नाही, हे नक्की. दोन वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला कॅच कॅन (वायूतले तेल अडवणारा डबा) ब्रीदरच्या, म्हणजे क्रँककेसमधला वायू बाहेर नेणाऱ्या, होजमध्ये आहेच. पंप त्याच्या पुढे येईल. असा पंप तेलाच्या वाफेत टिकेल का, आणि जास्त ओढ लागून क्रँकच्या ऑइल सीलमधून धूळ आत येईल का, हे जाणकारांनी सांगावे.

पहिला प्रतिसाद:
सीलची काळजी रास्त आहे, पण ती पुढची गोष्ट आहे. ब्रेकचा पंप छोट्या बंद टाकीतली स्वच्छ हवा काही सेकंदांत उपसून थांबण्यासाठी बनवलेला असतो आणि त्याची पाती कोरडी फिरतात. ब्लो-बाय (पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये निसटणारा वायू) तर बूस्ट असेपर्यंत अखंड येत राहतो. त्या प्रवाहाला पंप पुरा पडला नाही, तर वाटेतला तोच अडथळा होईल आणि दाब उलट वाढेल. लावायचाच झाला, तर त्याला समांतर एक वन-वे व्हॉल्व्ह ठेवावा लागेल.

मला खटकतो तो आपला कॅच कॅन. बाजारात मिळणाऱ्या अनेक कॅनचे निपल बारीक असतात. 19 मिलिमीटरच्या होजमध्ये 10 मिलिमीटरचा निपल आला, तर वाट जवळजवळ एक चतुर्थांश उरते. कॅन काढून, मूळ होज जोडून त्याच चढावर पुन्हा मोजा. शिवाय पीसीव्हीचा (क्रँककेसमधला वायू इनटेकमध्ये नेणाऱ्या व्यवस्थेचा) वन-वे व्हॉल्व्ह काढून मॅनिफोल्डच्या बाजूने फुंकून पाहा. हवा पार गेली, तर बूस्टच थेट क्रँककेसमध्ये शिरतो आहे असे समजा. ही दोन्ही कारणे निघाली नाहीत, तर लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून ती किती गळते ते पाहणे) करून घ्या, कारण कॉम्प्रेशन सारखे आले म्हणून रिंग चांगल्या आहेत असे ठरत नाही. तिन्ही सारख्याच झिजलेल्या असू शकतात.

धागाकर्ता:
आभारी आहे. व्हर्नियरने मोजले, निपल आतून 9 मिलिमीटरचाच निघाला. रविवारी कॅन काढून घाट चढलो, तर 16 च्या जागी 6 सेंटिमीटर भरले. व्हॉल्व्हमधून फुंकर दोन्ही बाजूंनी जाते, त्यामुळे नवा मागवला आहे. तो बसवून पुन्हा मोजतो. पंपाची खरेदी तूर्त थांबवली आहे.