मदत हवी आहे: प्रकाशातून डेटा जातो, पण फक्त 'यू'!

दोन अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारे छोटे बोर्ड). एकाला पांढरा एलईडी, दुसऱ्याला बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (प्रकाश पडला की करंट देणारा). त्यामागे ५ व्होल्टवर एलएम३५८ अँप (सिग्नल मोठा करायला; किती मोठा ते फीडबॅकचा रेझिस्टर ठरवतो, तो १ मेगोह्म), मग १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, १० किलोह्म आणि कंपॅरेटर (सिग्नलचं ० किंवा १ करणारा). आधी एलडीआर (प्रकाशाने रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) लावला होता, पण तो फारच सुस्त निघाला.

वेग मुद्दाम १२०० बॉड (सेकंदाला १२०० बिट) ठेवलाय. म्हटलं, हळू गेलं तर चुकणार नाही. अंधारात ३० सेंटीमीटरवरून कॅपिटल 'यू' कितीही वेळा पाठवा, बरोबर पोचतो. 'ए' पाठवला की कचरा. आणि ट्यूबलाइट लावली की 'यू'सुद्धा गायब. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८० मध्ये सूर्यप्रकाशावरून २०० मीटरपलीकडे बोलणं पोचवलं होतं, माझं फूटभरावर अडलंय! कोड दहादा तपासला. चूक कुठे असेल?

चकोर:
कोड ठीक असावा. स्टार्ट आणि स्टॉप बिट (प्रत्येक बाईटच्या आधीचा ० आणि नंतरचा १) धरून 'यू' म्हणजे ०१०१०१०१०१, एकाआड एक. 'ए'मध्ये सलग पाच शून्यं येतात. तुमचा कपॅसिटर फक्त बदल पुढे सोडतो, स्थिर सिग्नल साधारण १ मिलिसेकंदात विसरतो, आणि १२०० बॉडला ती पाच शून्यं ४ मिलिसेकंद चालतात. म्हणजे हळू जाणं हेच मुळात दुखणं आहे. वेग ९६०० करा, कपॅसिटर ४७ नॅनोफॅरड. शिवाय मँचेस्टर कोडिंग करा: ० च्या जागी ०१, १ च्या जागी १०. एका बाईटचे दोन होतील, पण सलग दोनपेक्षा जास्त सारखे बिट येणारच नाहीत. नेहमीच्या सिरियलवरूनच जातं, वेगळी लायब्ररी नको.

तारकाम:
ट्यूबलाइटचं प्रकरण वेगळं वाटतंय. कपॅसिटर अँपच्या नंतर आहे. अँपच आधी गच्च भरला तर तो बिचारा काय गाळणार? दिवा लावून एलएम३५८ च्या आउटपुटवर मीटर धरा.

धागाकर्ता:
धरला. दिवा लावला की ३.५ व्होल्टवर ठाण मांडून बसतो, एलईडी लावा नाहीतर काढा.

तारकाम:
मग भरलाच. ५ व्होल्टवर एलएम३५८ त्याच्या वर जात नाही. १ मेगोह्म काढून १०० किलोह्म लावा, आणि डायोडला काळ्या कागदाची नळी घाला.

धागाकर्ता:
१०० किलोह्मवर आउटपुट १.२ व्होल्ट, आणि दिव्याखाली 'यू' परत आला! मँचेस्टर आज रात्री लिहितो. एक शंका: रिसीव्हर मध्येच चालू झाला, तर जोडीतला पहिला बाईट कुठला हे त्याला कसं कळणार?

चकोर:
सुरुवातीला ११११०००० पाठवा. मँचेस्टरमध्ये हा बाईट कधीच बनत नाही.